कागदकाम, बालकांचे (बीड जिल्हा)

कागद दुमडून, कातरून, विणून, चिकटवून किंवा त्याचा लगदा करून मुलांनी वस्तू तयार करण्याच्या प्रकारास स्थूलमानाने कागदकाम म्हणतात. होडी, टोपी, भिरभिरे, पताका, पतंग व आकाशकंदील हे त्याचे सर्वपरिचित नमुने होत. शालेय हस्तव्यवसायात त्याची गणना होत असली, तरी बीडसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात त्याचे मूळ शाळेपेक्षा सणावारांत अधिक आढळते.

कागद स्वस्त होईपर्यंत तो मुलांच्या हाती पडणे शक्य नव्हते. मराठवाड्यातील हातकागदाचे जुने केंद्र दौलताबाद व खुलदाबाद यांच्या दरम्यानचे कागजीपुरा हे होय. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा कागद करणारे कारागीर तेथे येऊन वसले, अशी परंपरा आहे. हातकागद दप्तरे, सनदा व पोथ्या यांसाठी वापरला जाई. खेळण्यासाठी तो दुमडणे ही चैनच ठरली असती. गिरणीचा कागद व वर्तमानपत्रांची रद्दी गावोगाव पोहोचल्यावर ही स्थिती पालटली.

रद्दीचा पहिला उपयोग मात्र खेळाचा नसून संसाराचा होता. महाराष्ट्रातील अनेक घरांत रद्दी दोन-तीन दिवस भिजवून, कुटून, तीत मेथ्यांची पूड मिसळून लगदा करीत. पालथ्या भांड्यावर तो सारखा थापून वाळविला, की हलकी टोपली तयार होई. मेथ्यांमुळे लगद्याला चिकटपणा येतो व कीडही सहसा लागत नाही. भिजलेला कागद कुसकरण्याचे काम साहजिकच मुलांकडे येई आणि कागदाच्या अंगी काय गुण आहेत, हे त्यांना बोटांनीच कळे.

सणांची कामे अधिक नाजूक असतात. पोळ्याला बैलांच्या कपाळी रंगीत कागदाची व बेगडाची बाशिंगे बांधतात. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात; त्यांच्या आरासीसाठी ताव दुमडून जाळ्या व फुले कातरतात. दिवाळीच्या आकाशकंदिलास बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, पतंगी कागद व कणकेची किंवा मैद्याची खळ एवढेच साहित्य पुरते; खाली झिरमिळ्या सोडतात. सांगाडा मोठ्यांनी बांधावा आणि कागद मुलांनी चिकटवावा, अशी कामाची वाटणी बहुधा असते.

शाळेतील कागदकामाची परंपरा निराळी आहे. जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने बालोद्यानात घडीकाम, कातरकाम व कागदाची वीण यांना स्थान दिले. त्याच्या घडीकामावरून सुचलेले टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य गणितज्ञांनी त्याची दखल घेतली. मराठीत ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि विकतच्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले यांसारख्या परिसरातील वस्तूंवर भर दिला. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, तर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात होता. १९६० मध्ये तो महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिफारस केलेला कार्यानुभव हा विषय शाळांतून रूढ झाल्यावर कागदकामास अभ्यासक्रमात अधिकृत जागा मिळाली.

मात्र अशा पाठांत घर एका जागी असल्याचे गृहीत धरलेले असते. बीड जिल्ह्यात ही अट अनेकदा पुरी होत नाही. विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर येथून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर वाढले. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. म्हणजे आकाशकंदील करण्याच्या सुमारासच बिऱ्हाडे बैलगाड्यांतून वा ट्रकांतून कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पाचटाच्या कोपींत राहतात. संक्रांतीचे पतंगही याच काळात येतात. मुले एकतर आईबापांबरोबर जातात, किंवा आजी-आजोबांजवळ अथवा शासनाच्या हंगामी वसतिगृहांत राहतात. कोपीत कामट्या सहज मिळत नाहीत. जुन्या वहीचे पान मात्र मिळते, आणि होडी व भिरभिरे त्यातूनही होतात.