पडलेल्या यंत्राची नोंद

मराठी मुलखात माणसाविना उडालेल्या यंत्राची जी सर्वांत जुनी कथा सांगितली जाते, ती अपघाताचीही कथा आहे. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी 'मरुत्सखा' हे विमान उडवले, आत कोणी बसलेले नव्हते, ते दीड हजार फूट वर गेले आणि कोसळले, अशी ती कथा. प्रेक्षकांत न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड होते, असे सांगणारे सांगतात आणि 'केसरी'चा हवाला देतात. त्या अंकाचा मूळ मजकूर मात्र पुढे ठेवत नाहीत. दीड हजार फूट सर्वांना तोंडपाठ आहे. ती उंची मोजली कशाने, यंत्राचे वजन किती, वारा कुठला होता, पडल्यावर काय मोडले, याबद्दल कथेत एक अक्षर नाही. गेली काही वर्षे मी ही कथा निरनिराळ्या रूपांत वाचतो आहे. उड्डाणाचे वर्णन दर वेळी थोडे फुलते, पडण्याचे वर्णन एका वाक्यापलीकडे जात नाही.

नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युएल लँग्ले वाफेच्या इंजिनावर चालणारी, माणसाविना उडणारी यंत्रे पोटोमॅक नदीवर एका तरंगत्या घराच्या छपरावरून सोडत होते. यंत्रे पाण्यात पडत होती. कोणता भाग वाकला, पंख कुठे लवला, हे लिहून पुढचे यंत्र बदलले जात होते. ६ मे १८९६ रोजी त्यांचे पाचव्या क्रमांकाचे यंत्र सुमारे ३,३०० फूट अंतर उडाले. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तिथे हजर होते, त्यांनी छायाचित्रही घेतले. पुढे १९०३ मध्ये लँग्ले यांचे माणूस नेणारे यंत्र दोनदा नदीत पडले आणि वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. तरीही त्यांच्या मृत्यूनंतर १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही अपयशे तपशिलाने आली. लँग्ले हरले, पण त्यांची हार आजही तपासता येते.

तळपदे यांच्या वाट्याला ते आले नाही. १९०७ साली त्यांनी प्राचीन विमानकलेवर मराठीत पुस्तक लिहिले. पुढे त्यांचे नाव सुब्बराय शास्त्री यांच्या 'वैमानिक शास्त्रा'शी जोडले गेले. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तो ग्रंथ तपासला. तो १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, त्या उडाल्या नाहीत, असाही उल्लेख त्या निबंधात आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, त्याच महिन्यात तळपदे यांच्यावरचा हिंदी चित्रपट आला आणि वाद पुन्हा पेटला. एका पक्षाने त्यांना राइट बंधूंच्या आधी नेऊन बसवले, दुसऱ्याने हसण्यावारी नेले. या ओढाताणीत चिराबाजारातला, हातांनी काही जोडू पाहणारा एक खटपटी माणूस हरवला. सामानाच्या खर्चाचा एखादा कागद किंवा मोडलेल्या पंखाचे एखादे रेखाटन हाती असते, तर त्याची बाजू त्याला स्वतःलाच मांडता आली असती.

नोंद ठेवण्याची रीत त्या काळच्या मुंबईत नव्हती, असे म्हणता येत नाही. चौपाटीपासून थोड्याच अंतरावर कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची टिपणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालू होती. सप्टेंबर १८५९ मधले प्रचंड चुंबकीय वादळ तिथे टिपले गेले. सुईने दाखवलेली सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी पुन्हा अभ्यासली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार, म्हणून संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात, १९०४ साली, वेधशाळेचे हे काम अलिबागला हलवले. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, कारण जागा बदलली तरी मालिका तुटू द्यायची नव्हती.

मी राहतो त्या नागावहून ही वेधशाळा जवळच आहे. सुट्टीच्या दिवशी इथल्या सुरूच्या बनावर ड्रोन घोंघावतात. त्यांच्या पोटातही एक चिमुकले चुंबकमापक असते. गाडीच्या टपावरून किंवा लोखंडी सळ्यांच्या गच्चीवरून उडवले की ते फसते, दिशा चुकते आणि ड्रोन मोठमोठी वर्तुळे घेत भरकटतो. मूस यांनी ज्या लोखंडापासून आपल्या सुया जपल्या, तेच लोखंड इथे आडवे येते. कधी कारण वारा असतो. जमिनीवरच्या वाऱ्याबरोबर समुद्रावर सहज गेलेल्या यंत्राला परतताना तोच वारा समोरून लागतो आणि बॅटरी किनाऱ्याअलीकडेच संपते. मालक थोडा वेळ पाण्याकडे बघत उभा राहतो आणि निघून जातो.

माणूस दगावला की पंचनामा होतो. मानवरहित यंत्राच्या अपघातात बहुधा कोणी दगावत नाही, म्हणून तो विसरणे सोपे जाते. १८ सप्टेंबर २०२४ रोजी नौदलाचे भाडेतत्त्वावर घेतलेले एमक्यू-९बी हे टेहळणी विमान तांत्रिक बिघाडानंतर चेन्नईजवळ समुद्रात उतरवावे लागले. अशा मोठ्या यंत्राची बातमी तरी होते. लहान यंत्रांसाठीही नियम आहे: ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमावलीनुसार अपघात झाल्यास चालकाने ४८ तासांत नागरी विमान वाहतूक महासंचालकांना कळवायचे असते. पण किनाऱ्यावर ज्याचा ड्रोन बुडतो, त्याला हे आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. आज पाण्यात पडलेले यंत्र उद्या बाजाराच्या गर्दीवर किंवा विजेच्या तारांवर पडू शकते, आणि ते का पडेल याचे उत्तर आजच्याच न लिहिलेल्या ओळीत असते.

ती ओळ लांबलचक नको. दिवस, वेळ, वारा, बॅटरी किती उरली होती आणि शेवटचे कुठे दिसले, एवढे पुरे. चौपाटीवरच्या त्या दिवसाची इतकी जरी नोंद आपल्याकडे असती, तरी १३० वर्षे भांडण्याऐवजी आपण त्या यंत्राचा अभ्यास केला असता.