जेऊरच्या दिग्दर्शकाची गोष्ट, हॉलिवूडचा ऑर्केस्ट्रा: ‘सैराट’चा अल्बम वेगळा का ठरला?

लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो की कॉलेजचं गॅदरिंग, ‘झिंगाट’ वाजल्याशिवाय नाच पूर्ण होत नाही. पण ‘सैराट’चं संगीत म्हणजे फक्त ‘झिंगाट’ नाही. अवघ्या चार गाण्यांच्या या अल्बममागे दोन भाऊ आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा एक दिग्दर्शक आहे.

हे तिघं एकत्र कसे आले?

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. संगीतकार जोडी अजय-अतुल म्हणजे गोगावले बंधू. अतुल थोरले, अजय धाकटे. त्यांचं लहानपण पुणे जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावांत गेलं. ‘जोगवा’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘नटरंग’ने त्यांना घराघरांत पोहोचवलं आणि २०१२ च्या ‘अग्निपथ’ने हिंदीत मोठं नाव दिलं.

नागराज यांच्या ‘फँड्री’साठी अजय-अतुल यांनी प्रमोशनचं गाणं केलं होतं. त्यानंतर ही मंडळी पुन्हा एकत्र आली ती ‘सैराट’साठी. २९ एप्रिल २०१६ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि १०० कोटींच्या कमाईचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला.

अल्बममध्ये काय आहे?

‘याड लागलं’ अजय गोगावले यांनी गायलंय, ‘आताच बया का बावरलं’ श्रेया घोषाल यांनी. ‘सैराट झालं जी’मध्ये अजय यांच्यासोबत चिन्मयी श्रीपादा यांचा आवाज आहे. ‘झिंगाट’ दोघा भावांनी मिळून गायलं.

‘झिंगाट’चा ठेका डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांचा. बाकीच्या गाण्यांत मात्र व्हायोलिनचे मोठे ताफे ऐकू येतात. हा पाश्चात्त्य सिंफनीचा भाग लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड झाला. हॉलिवूडच्या कित्येक गाजलेल्या चित्रपटांचं संगीत याच स्टुडिओत तयार झालंय. तिथे सिंफनी रेकॉर्ड करणारा ‘सैराट’ हा पहिला भारतीय चित्रपट असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

गावाकडच्या गोष्टीला एवढा थाट कशाला?

खरी गंमत इथेच आहे. गावाकडची गोष्ट म्हटली की ढोलकी, हलगी, तुणतुणं असं गणित ठरलेलं असायचं. शंभर वाद्यांचा थाट परदेशात नाचणाऱ्या श्रीमंत हिरो-हिरोइनसाठी राखीव. ‘सैराट’ने तो थाट मासेमारी करणाऱ्या घरातल्या परश्याला दिला. विहिरीत उडी मारणाऱ्या, उसाच्या फडातून पळणाऱ्या पोराचं प्रेमही तेवढंच भव्य असतं, हे संवादाआधी संगीताने सांगितलं. भाषा मात्र तिथलीच राहिली. ‘याड’, ‘बया’ हे शब्द कुणी ‘शुद्ध’ केले नाहीत.

मग संगीत थांबतं का?

(चित्रपट पाहिला नसेल तर हा भाग सोडून पुढे जा.)

चारही गाणी आर्ची-परश्या पळून जाण्याआधी येतात. नंतर हैदराबादच्या झोपडपट्टीतला संसार, भांडणं, संशय. तिथे एकही गाणं नाही. आणि शेवटी आर्चीच्या माहेरचे लोक जातीच्या प्रतिष्ठेपायी दोघांचा जीव घेतात, तेव्हा पडद्यावर आवाजच उरत नाही. लहान मूल रडतं, पण त्याचं रडणं ऐकू येत नाही. पहिल्या भागातलं संगीत जितकं मोठं, तितकीच ही शांतता अंगावर येते. वरातीत ‘झिंगाट’वर नाचताना हा शेवट मात्र सहज विसरला जातो.

पुढे काय झालं?

कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली अशा भाषांत ‘सैराट’चे रीमेक झाले. २०१८ मध्ये आलेल्या हिंदी ‘धडक’साठी अजय-अतुल यांनीच ‘झिंगाट’ पुन्हा केलं. ४ मार्च २०२२ रोजी ‘झुंड’ आला. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलची गोष्ट, अमिताभ बच्चन मुख्य भूमिकेत आणि संगीताला पुन्हा अजय-अतुल.

‘झिंगाट’ आजही प्रत्येक वरातीत वाजतं. आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्याही अजून येतात. म्हणून हा अल्बम पुन्हा ऐकायचा असेल, तर चित्रपटाच्या शेवटच्या शांततेसकट ऐकायला हवा.