सलिव्हन बंधूंच्या दोन नौका

नायगारा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी बफेलोच्या धक्क्यावर हमखास नेतो. तिथे 'द सलिव्हन्स' ही जुनी विनाशिका जपून ठेवली आहे. आयोवातले पाच सलिव्हन बंधू एकाच क्रूझरवर, 'जूनो'वर होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वाडलकनालपाशी ती बुडाली, पाचही गेले. नव्या विनाशिकेला आधी नुसते 'सलिव्हन' नाव ठरले होते. पाचांपैकी कुणाचे? रूझवेल्टनी ते अनेकवचनी केले. एप्रिल १९४३ मध्ये जलावतरण केले ते त्यांच्या आईने. (कसे केले असेल त्या माउलीने!) ही नौका जपानविरुद्ध आणि पुढे कोरियातही लढली.

त्याच नावाची दुसरी विनाशिका १९९७ मध्ये नौदलात आली. जलावतरणाचा मान धाकट्या अल्बर्टच्या नातीला होता. जानेवारी २००० मध्ये एडनला तिच्यावर चालून निघालेली अल-कायदाची होडी स्फोटकांच्या भारानेच बुडाली. ऑक्टोबरमध्ये तिथेच 'कोल' सापडली. १७ खलाशी गेले.