सॉकेट-सेवकावरील संवादी ओळग्रहण (टीसीएल)

दूरच्या संगणकावर बसलेल्या मनुष्याने टंकलेली आज्ञा ओळीओळीने स्वीकारून तिचे उत्तर त्याच जोडणीवरून परत धाडण्याची व्यवस्था. जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कली येथे १९८८ मध्ये आरंभिलेल्या टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेत ती १९९६ च्या ७.५ या आवृत्तीपासून मूळ भाषेतच उपलब्ध झाली.

टीसीपी ओळ जाणत नाही. तो बाइटांचा अखंड प्रवाह तेवढा पोचवतो. त्यामुळे एका दमात धाडलेली आज्ञा दोन तुकड्यांनी हाती पडावी, किंवा तीन आज्ञा एकाच वाचनात गोळा होऊन याव्यात, यात त्याच्या दृष्टीने काहीच गैर नसते. टर्मिनलवर एंटर दाबेपर्यंत अक्षरे राखून ठेवणे, ती पडद्यावर उमटविणे आणि चुकलेली खोडणे हा जिम्मा ऑपरेटिंग सिस्टिममधील टर्मिनल-ड्रायव्हरकडे असतो. सॉकेटामागे असा कारकून नसल्यामुळे, टर्मिनल गृहीत धरून रचलेले रीडलाइनसारखे संपादक नुसत्या सॉकेटाला जोडून भागत नाही.

टीसीएलची तजवीज येथे खरोखर सुबक आहे. सेवक-सॉकेटावर नवी जोडणी येताच नेमून दिलेली कार्यपद्धती चालते. ती जोडणी 'न थांबणारी' करून 'फाइलइव्हेंट'च्या स्वाधीन केली, म्हणजे एकच प्रक्रिया अनेक ग्राहकांचा कारभार पाहू शकते. 'गेट्स' ही आज्ञा अपुऱ्या ओळीला हात न लावता उणे एक परत करते, आणि ओळ अजून यावयाची आहे की समोरच्याने जोडणीच मिटविली आहे, याची रुजुवात 'एफब्लॉक्ड' व 'ईओएफ' यांनी करावी लागते. ही दुसरी तपासणी गाळली, तर मिटलेली जोडणी सतत 'वाचनास सिद्ध' असल्याचा पुकारा करीत राहते आणि सेवक व्यर्थ फेऱ्या मारतो. ओळ कधीच न संपविणाऱ्या खोडसाळ ग्राहकासाठी ८.५ या आवृत्तीत 'चॅन पेंडिंग' आले. साठलेल्या बाइटांची मोजदाद त्यावरून होते.

संपादनाचा प्रश्न मात्र उरतोच. ग्राहक टेलनेट असेल आणि सेवक मौन पाळील, तर २३ खेरीज अन्य पोर्टावर खोडाखोड सामान्यतः ग्राहकाच्याच टर्मिनलवर होते व तयार ओळ येते. परंतु वरच्या बाणाने मागील आज्ञा येत नाही, २७, ९१, ६५ हे तीन बाइट तेवढे येतात. बाण, इतिहास, मध्येच दुरुस्ती हे सर्व हवे असल्यास सेवकाने मे १९८३ च्या आरएफसी ८५४ मधील संकेतांनी प्रतिध्वनीचा हक्क (२५५, २५१, १) आणि सोबत 'गो अहेड' वर्ज्य करण्याचा पर्याय (२५५, २५१, ३) मागून घ्यावा, आणि मग प्रत्येक अक्षराची जबाबदारी स्वतः वाहावी. हाच हक्क घेऊन काहीही न उमटविणे ही परवलीचा शब्द झाकण्याची जुनी युक्ती. ग्राहकाचे होकारार्थी बाइट पुढच्या ओळीत मिसळून येतात. ते गाळण्याचे काम पुष्कळ लेखक विसरतात.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे, आणि 'क्षि' हे अक्षर चार चिन्हांचे. तेव्हा एकदा खोडले असता काय जावे, हे सेवकाने आधी ठरविले पाहिजे. २५५ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कधीच येत नसल्याने टेलनेटच्या संकेतांशी निदान तंटा होत नाही.

आलेली ओळ थेट आज्ञा म्हणून चालविणे म्हणजे परक्यास मुखत्यारपत्र देणे होय. म्हणून सेवक १२७.०.०.१ या पत्त्यापुरता बांधावा, आणि ओळ सुरक्षित दुभाष्याकडे सोपवावी, ज्यात फाइल उघडणे, सॉकेट जोडणे व बाह्य कार्यक्रम चालविणे या आज्ञा लपविलेल्या असतात.