इंजेक्शन विहिरी, तेल व वायू उद्योगातील : अमेरिकेतील नियमन
तेल-वायूबरोबर वर येणारे खारे पाणी पुन्हा खोल खडकात सोडण्यासाठी किंवा खडकात उरलेले तेल पाण्याच्या वा वायूच्या दाबाने बाहेर काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विहिरी. संघीय वर्गीकरणात त्या ‘वर्ग २’ मध्ये मोडतात. त्यांची संख्या सुमारे १,८०,००० आहे.

या विहिरींवरील संघीय नियंत्रणाचा पाया १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्याने घातला. दर लिटरला १०,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पिण्यायोग्य भूजलस्रोतांचे रक्षण, हा त्याचा हेतू. अंमलबजावणी पर्यावरण संरक्षण संस्थेकडे (ईपीए) असली, तरी पात्र राज्यांना ती सोपविता येते. १९८० च्या दुरुस्तीने तेल-वायू राज्यांची वाट सोपी केली : संघीय नियम जसेच्या तसे न स्वीकारता आपली व्यवस्था परिणामकारक असल्याचे दाखविणे पुरेसे ठरले. टेक्सासमध्ये हे काम रेल्वेशी आज संबंध न उरलेले रेलरोड कमिशन पाहते. पेनसिल्व्हेनियात मात्र संघीय परवाना ईपीए देते.

३ सप्टेंबर २०१६ रोजी ओक्लाहोमातील पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा ही विभागणी ठळक झाली. खोल खडकात सोडलेल्या पाण्याने असे भूकंप घडू शकतात, म्हणून परिसरातील विहिरी बंद करण्याचे आदेश राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनने दिले. पण शेजारच्या ओसेज परगण्यातील विहिरी ईपीएच्या अखत्यारीत असल्याने तेथील कारवाई तिलाच करावी लागली.

२००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने, डिझेलचा वापर वगळता, जलदाबाने खडक फोडण्याची प्रक्रिया (फ्रॅकिंग) या नियमनाबाहेर ठेवली आहे. तिच्यातून निघणारे सांडपाणी जमिनीत सोडणाऱ्या विहिरींना मात्र वर्ग २ चे नियम लागू होतात.