मुंबईची स्वच्छ वीज आणि मुळशीचं पाणी

धुराच्या उपद्रवाला आळा घालणारा कायदा मुंबईत १९१२ साली झाला. कलकत्त्याला तो सात वर्षं आधीच मिळाला होता. तेव्हा मुंबईत ऐंशीच्या वर कापडगिरण्या होत्या आणि त्यांच्या बॉयलरांना हजार मैलांवरून, बंगालच्या खाणींतून आणलेला दगडी कोळसा लागे. चिमणीतून किती काळा धूर किती वेळ निघू द्यायचा, याला कायद्याने मर्यादा घातली. भट्टी मात्र कोळशावरच चालत राहिली.

कोळशाला पर्याय घाटमाथ्यावर होता. लोणावळ्याच्या डोंगरात पावसाचे चारच महिने पाणी कोसळतं. ते तलावांत साठवून नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडलं, तर वर्षभर वीज मिळेल, अशी जमशेटजी टाटांची कल्पना होती. ते १९०४ साली गेले, काम त्यांच्या मुलांनी पुढे नेलं. १९१५ मध्ये खोपोलीची वीज गिरण्यांत पोचली. धूर नाही, राख नाही, कोळशाच्या वाघिणींची वाट पाहणं नाही. शहर खूश होतं. मागणी वाढली तशी भिवपुरीची योजना आली आणि मग मुळा-नीळेच्या संगमावर, मुळशीला धरण बांधायचं ठरलं.

मुळशीचं खोरं आंबेमोहोर तांदळाचं. तिथल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. त्यामुळे मोबदल्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा कागदावरचा मालक एक आणि चिखलात उभा राहून लावणी करणारा दुसरा, अशी गत झाली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायकाही मागे राहिल्या नाहीत. पुढे पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे सेनापती झाले आणि ते नाव त्यांना जन्मभर चिकटलं. विनायकराव भुस्कुट्यांनी गावोगाव फिरून माणसं जोडली. अटका झाल्या, शिक्षा झाल्या, सावकारांशी तडजोडी झाल्या आणि १९२४ च्या अखेरीस लढा मोडला. पन्नासच्या आसपास गावांना धरणाची झळ बसली. १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर चालणारं भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

मुंबईचं आकाश स्वच्छ करण्याची किंमत कुणी मोजली, हे शहराच्या इतिहासात क्वचितच सांगितलं जातं. ते सांगायलाच हवं, कारण पाण्याची वीजही पुढे पुरली नाही. १९५६ पासून ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र मदतीला आलं. ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेने ताब्यात घेतलेली बेस्टसुद्धा टाटांकडून वीज विकत घेऊनच घरोघर देत राहिली. शहराची भूक शहराबाहेर भागवायची, ही रीतच पडून गेली.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेने आपला वातावरण कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं ध्येय ठेवलं. त्याआधी २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के घट करायची, २०१९ च्या तुलनेत. त्या वर्षी मुंबईचं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन होतं. त्यातलं ७२ टक्के ऊर्जेपायी, मुख्यतः विजेपायी, कारण शहराची बहुतांश वीज कोळशावरच तयार होत होती. महापालिका बस विजेवर आणू शकते, इमारतीचे नियम बदलू शकते, गच्चीवर सौर तावदानं बसवू शकते. पण राज्याची वीजघरं तिच्या हाती नाहीत. एवढं मोठं ध्येय ठेवताना मुंबईला स्वतःच्या हद्दीबाहेर बघावंच लागतं.

पालघरच्या मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण मात्र महापालिकेच्या मालकीचं आहे. तिथे २० मेगावॅट जलविद्युत आणि ८० मेगावॅट तरंगती सौर वीज तयार करण्याची तिची योजना आहे. तावदानं आधीच अडवलेल्या पाण्यावर तरंगणार, म्हणजे त्यांच्यासाठी नव्याने जमीन बुडवावी लागणार नाही. मुळशीच्या मानाने हा फरक मोठा आहे. पण मोखाड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते आणि धरणातलं पाणी मुंबईला जातं. तिथे तयार होणाऱ्या विजेत या पाड्यांचा वाटा किती, हे करारातच लिहून घ्यायला हवं, पहिलं तावदान पाण्यात उतरण्याआधी.