झाडू आपला, किल्ली कोणाची?

मंडळी, २० डिसेंबर आली की अमरावतीच्या गाडगेनगरात पाय ठेवायला जागा नसते. आपण सगळे जातो, समाधीपुढं वाकतो, झाडू हातात धरून फोटो काढतो. मीही काढलाय. पण त्या माणसाला आपल्या वऱ्हाडानं नेमकं काय दिलं, हा विचार आपण करत नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेणगाव. जात परीट. वाढला मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, गुरं राखत अन् शेतात राबत. शाळेचं तोंड पाहिलं नाही. १९०५ मध्ये घर सोडलं. ज्या काळात धर्म सांगायचा हक्क ठराविक घरांकडेच होता, त्या काळात हा माणूस भर कीर्तनात लोकांनाच उलटे प्रश्न विचारायचा अन् लोक ऐकायचे.

पण नुसतं ऐकून घेणं म्हणजे पाठिंबा नव्हे. पाठिंबा कसा द्यायचा ते बाबांनीच दाखवलं. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. ज्या संताला देवळाबाहेर ठेवलं, त्याच्याच लेकरांना वारीत पाठ टेकायला जागा. पुढं तीच वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. म्हणजे बांधली, चालवली अन् शेवटी किल्लीही सोपवली.

दुसरी गोष्ट आपल्या शहरातली. १३ नोव्हेंबर १९२७. अमरावतीचं इंद्रभुवन थिएटर. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्य समाजाची परिषद भरली. विषय होता अंबादेवीचं दार. या लढ्यात पंजाबराव देशमुख पुढं उभे होते. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेत वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून नुकताच परतला होता. त्याच्यासाठी कोणतंच दार बंद नव्हतं. तरी तो तिथं होता, अन् अध्यक्षाची खुर्ची ज्यांचं दुःख होतं त्यांच्याकडेच होती. मला या गोष्टीतली हीच बाब सगळ्यात मोठी वाटते.

आता आजचं सांगतो. काही वर्षांपूर्वी बातमीसाठी एका गावात गेलो. मंदिराच्या जीर्णोद्धाराची सभा होती. तीस वर्षं काकड्याला पहिली टाळ वाजवणारे एक परीट समाजाचे आजोबा दाराशी चपलांजवळ बसले होते. "बाबाजी, आत या ना," म्हटलं. ते म्हणाले, "आत कमिटीवाले हायेत, बाप्पा." सभेत त्यांच्या भजनाची तारीफ झाली, समितीत मात्र नाव आलं नाही. मी बातमी लिहिली ती जीर्णोद्धाराच्या खर्चाची. आजोबांची ओळ लिहिली नाही, ती चूक माझी.

दार १९२७ मध्ये बाहेर होतं, आज ते आत सरकलंय, एवढंच. दर्शनाला कोणी अडवत नाही. हिशेबाच्या वहीपाशी मात्र तीच ती आडनावं दिसतात.

म्हणून विनंती आहे. आपल्या गावच्या मंदिरातला, विहारातला, दर्ग्यातला, चर्चमधला विश्वस्तांचा फलक एकदा नीट वाचा. जो समाज झाडतो, वाजवतो, वाढतो, त्याचं एक तरी नाव तिथं आहे का? नसेल तर पुढच्या सभेत सुचवा. अन् नाव लागलं की त्यांना नुसता हार घालू नका. वही अन् किल्लीही द्या.

तुमच्या गावचा फलक काय सांगतो? कमेंटमध्ये लिहा.